सन्मतीची गाडी

मी देवळातून परत आले तेव्हा हे गाडीत बसलेले होते. दाढी झालेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागच्या सीटवर दवाखान्याची पिशवी. किल्ली फिरवत होते. इंजिन नुसतंच घरघरायचं, मग पुढं झाकणाखाली फट् असा आवाज व्हायचा, जरासा धूर निघायचा आणि पुन्हा सगळं गप्प.

देवापुढं वाहायच्या तांदळाची डबी हातात तशीच धरून मी उभी राहिले.

"येईल," हे म्हणाले. "थंड आहे जरा."

थोडं थांबून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच. चेहऱ्यावर घाम आला होता. त्या दिवसांत एवढ्या श्रमानंही त्यांचा हात पोटाशी जायचा. तो गेला, आणि मी बघते आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी तो काढून घेतला.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत त्यांना मिरजेला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. आतड्यात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करू, आता पुढं ढकलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिनाभर मी विनवत होते आणि हे नाही म्हणत होते. कारण दवाखाना तोच. आमचा एकुलता एक सन्मती तिथंच तापानं गेला होता, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मग एक दिवस जेवता जेवता हे आपणहून म्हणाले, जाईन, पण सन्मतीच्या गाडीतून जाईन, दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाय ठेवणार नाही. मी लगेच हो म्हटलं. गाडी तर रोज चालू होत होती.

त्या गाडीचं असं होतं. सन्मतीनं ती कुणाच्या तरी गोठ्यातून ओढून आणली होती. ज्याच्या गॅरेजमध्ये तो संध्याकाळी जाऊन बसायचा त्या दस्तगीर मुल्लाला हाताशी धरून त्यानं तिचं एकेक हाड सांधलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी तो वडलांना म्हणाला, आण्णा, बसा, नांदणीपर्यंत जाऊन येऊ. हे म्हणाले, भंगार दारात आणलंस, त्यात मला कशाला बसवतोस. आणि बसले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

सन्मती गेल्यावर मात्र त्यांनी किल्ली स्वतःजवळ ठेवली. सकाळी मी देवळाला निघाले की हे चपला घालून अंगणात यायचे, गाडीत बसायचे, इंजिन चालू करायचे. मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते बंद झालेलं असायचं. पेट्रोल संपलं की कॅन घेऊन स्वतः जायचे. गाडी कधी फाटकाबाहेर काढली नाही. मी त्यावर कधी काही बोलले नाही. ह्यांना देवधर्म फारसा नसे. सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या काट्यावर, उसाच्या गाड्या तोलण्यात गेलं होतं. काटा दाखवतो तेवढंच खरं म्हणायचे. माझं दर्शनाशिवाय पाणी न पिणं, दिवस मावळल्यावर न जेवणं, आज मीठ तर उद्या तूप सोडणं, ह्या सगळ्याला त्यांनी कधी अडवलं नाही, पण गालात हसायचे. मी मात्र त्या गाडी चालू करण्याला मनातल्या मनात ह्यांचा नेम म्हणायची. तोंडावर म्हटलं असतं तर चिडले असते.

"दस्तगीरला बोलावून आण," हे शेवटी म्हणाले आणि गाडीतून उतरले.

मी जाताना एकदा धीर करून विचारलं, की तो यायच्या आत भरतेशची जीप सांगून ठेवू का. भरतेश माझा भाचा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओसरीवरची खुर्ची ओढली, गाडीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यात बसले.

"गाडी चालू झाली तर जायचं," म्हणाले. "नाही तर नाही. तू त्यात जीप घालू नकोस."

*

दस्तगीर हातातलं काम टाकून आला. सन्मतीच्याच वयाचा, हाडापेरानं काटक, बोलताना मान खाली. सन्मती गेल्यापासून तो आमच्या फाटकाच्या आत आलेला नव्हता. रस्त्यात भेटला की काकू बरं आहे का एवढं विचारून पुढं जायचा. त्यानं स्कूटर लावली, पेटी उतरवली आणि गाडीकडे जायच्या आधी ह्यांच्या पायाला हात लावला. मग झाकण उचललं.

आत बॅटरीच्या कडेला मुंग्यांनी मातीचं घर केलं होतं. मी म्हटलं, बाळ, जरा थांब. मऊ कुंचा आणला, सुपलीत एकेक करून मुंग्या घेतल्या आणि आवळ्याच्या बुंध्याशी सोडून आले. तोवर तो पाना हातात धरून उभा होता.

"आण्णा," तो ओसरीकडे बघून म्हणाला, "काकूंचे भाडेकरू हलल्याबिगर काम सुरू होत न्हाई बघा."

"त्यांना आधी नोटीस द्यायला पाहिजे होती," हे म्हणाले.

किती दिवसांनी ह्यांच्या तोंडून असं काही ऐकलं होतं. मला वाटलं, होईल. आज सगळं होईल.

दस्तगीरनं इंजिनावरचं लांबट झाकण काढलं. खाली स्प्रिंगांची रांग होती. सगळ्या वर उठलेल्या, एक मात्र दबून खालीच बसलेली. त्यानं ह्यांना हाक मारली. हे काठी टेकत आले. त्यानं त्या स्प्रिंगवर बोट ठेवलं.

"पेट्रोल आन् हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह आहे हा," तो म्हणाला. "उघडलाय, पर मिटत न्हाई. दांडी चिकटलीय. हा असा तोंड उघडं टाकून बसला की आतला सगळा जोर उलटा फिरतो. ती फट्‌फट् त्याचीच."

ह्यांनी विचारलं, सुटेल का. तो म्हणाला, वरचं सगळं उतरवून गॅरेजला नेलं तर हमखास सुटेल, पण त्यात आजचा दिवस आणि उद्याचा जाणार. हे म्हणाले, उद्याचा दिवस आपल्याकडे नाही. त्याला मी रस्त्यातच सगळं सांगितलं होतं. त्यानं पुन्हा वाकून ती स्प्रिंग बोटानं दाबून बघितली. मग म्हणाला, न उतरवता वरूनच सोडवून बघतो, अल्लाची मर्जी आणि काकूंची पुण्याई.

त्यानं रॉकेलमध्ये थोडं ऑइल मिसळलं आणि पिचकारीनं त्या दांडीच्या मुळाशी सोडलं. आता मुरू द्यायचं. मध्येच तो पक्कडीनं दांडी धरून जरा पिळायचा, मग माझ्याकडून कपड्याची मोगरी मागून घेऊन तिच्या लाकडी बुडानं हलकेच ठोकायचा, पुन्हा पिचकारी. दांडी तसूभर हलत नव्हती. ऊन अंगणात आलं. ह्यांची खुर्ची मी आत सावलीत सरकवली. त्यांनी ती पुन्हा पुढं घेतली.

*

दस्तगीर हात धुवायला मागच्या नळावर आला. मी नळाला पंच्याचं गाळणं बांधून ठेवलेलं असे, ते त्याला लहानपणापासून ठाऊक. त्यानं हात धुतले, पण लगेच गेला नाही.

"काकू, एक विचारू? गाडी मधनंमधनं कोण चालू करत होतं?"

मी म्हटलं, हेच. मधनंमधनं नाही, रोज. सकाळी थोडा वेळ.

"बाहेर काढत होते?"

"नाही. चालू करायची आणि बंद करायची."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे त्यानंच झालंय," तो अगदी हळू म्हणाला. "इंजिन तापायच्या आधीच बंद केलं की आत पेट्रोल कच्चंच राहतं. त्याची राळ दांडीवर धरती. रोज थोडी, रोज थोडी. त्यापेक्षा बंद पडून राहिली असती तर बरी राहिली असती. न्हाईतर मग नांदणीपतुर तरी रोज पळवायची."

ओसरीवरून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मी नळाचं गाळणं सोडलं, पिळलं आणि पुन्हा बांधलं.

"हे त्यांना सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी कशाला सांगतोय. पर आण्णा विचारणार. त्यांना कारण लागतंय प्रत्येक गोष्टीचं. मी काय बी थाप मारीन. पर मग ते तुमच्याकडे वळून बघणार." त्यानं ओले हात पँटला पुसले. "आन् तुम्ही तर खोटं बोलत न्हाई."

ते खरं होतं. कुणा आचार्यांच्या चातुर्मासात मी सत्याचं अणुव्रत घेतलं होतं, सन्मती शाळेत जायला लागला त्या वर्षी. लहानसहान खोटंही नाही. शेजारणीनं साखर मागितली आणि द्यायची नसली तर नाही म्हणायचं, संपली म्हणायचं नाही. त्यावरून सन्मती आणि दस्तगीर मला फार छळायचे. गॅरेजमध्ये उशीर झाला की घरी कारण सांगायला मला पुढं करायचे आणि मी अडखळले की टाळ्या पिटायचे.

मी देवघरात गेले. बाहेर पुन्हा ठकठक सुरू झाली होती. दुसरा उपाय मला दिसत नव्हता. भगवंतापुढं हात जोडून मी दिवस मावळेपर्यंतचं मौन घेतलं. आणि मनात म्हटलं, ह्या नियमाच्या बळावर गाडी चालू होऊ दे, ह्यांना सुखरूप पोचू दे.

*

बाहेर आले तेव्हा दस्तगीर दोरी मागत होता. सुती पाहिजे, मऊ, नायलॉनची चालणार नाही. मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणून दिली. तो काकू काकू करत काहीतरी विचारत राहिला, मी हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली बघून दोरीला लागला.

त्यानं प्लग काढला आणि त्याच्या भोकातून ती दोरी काडीनं ढोसत ढोसत आत भरली, एक टोक बाहेर ठेवून. हे उठून जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांना तो सांगत होता, की आता पुढून पान्यानं इंजिन हातानं फिरवायचं, आतला दट्ट्या वर येईल, दोरीला दाबेल, आणि दोरी त्या व्हॉल्व्हला खालून ढकलेल. लोखंडानं ढकललं तर वाकेल, दोरीनं ढकललं तर वाकायचं नाही.

"कुणी काढली ही युक्ती?" ह्यांनी विचारलं.

"सन्मतीनं दाखवली मला. कुठंतरी बघून आला होता."

हे जरा पुढं सरकले. बॉनेटच्या कडेला हात टेकून वाकून बघत राहिले.

दस्तगीर पुढून पाना फिरवायला लागला. इंजिन जरा फिरलं आणि अडलं. त्यानं जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, मग सोडून दिलं. उलटं फिरवलं, दोरी सैल केली, पिचकारी सोडली, पुन्हा दाबलं. पुन्हा अडलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी आवळ्याखाली बसून जप करत होते, पण डोळे मिटत नव्हते. दुपार सरत आली. दस्तगीर एकदा हातपाय सोडून जमिनीवर बसला आणि म्हणाला, आण्णा, जीप सांगू का. हे नुसतेच नाही म्हणून मान हलवून उभे राहिले. मग तो उठला.

पुढच्या वेळी टक् असा आवाज आला. एवढासाच. ती दबलेली स्प्रिंग जराशी वर आली होती.

त्यानं मोगरीनं ती खाली ठोकली, पुन्हा दोरीनं वर दाबली. खाली, वर. दर खेपेला ती जास्त सहज यायला लागली. शेवटी तिनं सुटल्यासारखी उडी घेतली आणि बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसली. दोरी बाहेर ओढली तेव्हा ती काळीकुट्ट निघाली होती. प्लग बसला, झाकण बसलं. दस्तगीरनं ह्यांच्याकडे किल्ली मागितली, पण हे स्वतःच जाऊन बसले आणि त्यांनी फिरवली.

गाडीनं दोनदा ठसका दिला, पांढरा धूर सोडला आणि चालू झाली. दस्तगीर झाकणाखाली वाकून काहीतरी कमीजास्त करत राहिला, आणि हळूहळू आवाज एकसारखा झाला. गल्लीतली पोरं फाटकाशी जमली. ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी मान फिरवली.

"बंद करू नका हं, आण्णा," दस्तगीर म्हणाला. "आता मिरजेलाच बंद करायची. ह्याच तापावर जाऊ दे."

"बंद केली तर काय होईल?"

"पुन्हा चिकटायला नको, म्हणून आपलं."

"पण चिकटला कशानं?"

दस्तगीरनं बोटं पुसायला घेतली. म्हणाला, जुनी गाडी, पेट्रोल खराब असणार, आजकाल भेसळ फार. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पेट्रोल मी स्वतः आणतो, त्याच पंपावरून तुझीही स्कूटर भरते.

"तू नळावर हिला काहीतरी सांगत होतास," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय म्हणाला गं हा?"

मी हात जोडले. ओठांवर बोट ठेवलं.

ते बघत राहिले. इंजिन चालूच होतं.

"आज चतुर्दशी नाही," ते म्हणाले.

मौन मी चतुर्दशीलाच धरत असे. हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी लक्षात घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोक्यात एकेक वजन चढत-उतरत होतं, ते मला दिसत होतं.

"मी रोज चालू करून बंद करत होतो, त्यानं झालं," ते म्हणाले. "होय ना रे?"

दस्तगीरनं मान खाली घातली.

हे गाडीतून उतरले. ओसरीवर गेले आणि खुर्चीत बसले. मला वाटलं, संपलं. आता हे येत नाहीत. मी पिशवी उघडून त्यांचा टॉवेल घडी करून पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. बोलून समजूत काढायची सोयच मी ठेवली नव्हती. दस्तगीर स्टिअरिंगपाशी जाऊन उभा राहिला, एका हातानं दार उघडं धरून. बराच वेळ तसाच उभा होता.

मग हे उठले. "चला," म्हणाले. "चालू आहे तोवर."

*

ते मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. त्या गाडीतून कुठं जाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. दस्तगीरनं गाडी अगदी सांभाळून चालवली. जयसिंगपूर मागं पडलं. बाहेर ऊस तोडून झालेली रानं होती. पाचट पेटवलेलं, त्याचा वास आत येत होता.

"गाडी छान पळते," हे मध्येच म्हणाले.

पुढून दस्तगीर म्हणाला, सन्मतीनं बांधलीय, पळणारच.

मग हे माझ्याशी बोलायला लागले. खिडकीकडे तोंड करून, हळू, पुढं ऐकू जाऊ नये असं. म्हणाले, सन्मती दवाखान्यात होता तेव्हा मी रोज कामावरून सुटून यायचो. खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो. त्याच्याकडे बघून म्हणायचो, आज वजन वाढलंय तुझं. आणि लगेच निघायचो. एस्टी चुकेल म्हणून सांगायचो, पण एस्टी नंतरही असायची. मला बघवायचं नाही. तो दिवसेंदिवस उतरत होता, मला दिसत होतं. जन्मभर मी वजन खोटं सांगितलं नाही, मोळीभर उसाचं नाही. त्याला मात्र रोज सांगितलं.

पुलावरून गाडी चालली होती, खाली कृष्णा.

"रोज तेवढाच वेळ थांबलो," म्हणाले. "गाडीसारखंच."

आणि मग माझ्याकडे वळले.

"मी गेल्यावर काय म्हणायचा गं तो? काही म्हणायचा का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सगळं तोंडावर आलं होतं. सूर्य अजून चांगला हातभर वर होता. हा नियम मी त्यांच्या नावानं घेतला होता, गाडी त्यावर चालू झाली होती, उद्या सकाळी त्यांना टेबलावर घेणार होते. आता मोडला आणि पुढं काही वेडंवाकडं झालं तर? मी मनाशी म्हटलं, थोडा वेळ. दिवस मावळला की पहिलं वाक्य हेच. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि जरा दाबला.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

"बरं," म्हणाले. मग मिरज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

*

दवाखान्यात कागद झाले, खाट मिळाली. पुरुषांचा मोठा वॉर्ड, पश्चिमेला खिडक्या. दस्तगीर खाली गाडीपाशी होता. नर्स येऊन रक्त घेऊन गेली. हे पांढऱ्या कपड्यांत एकदम लहान दिसायला लागले. मी स्टुलावर बसून खिडकीतून सूर्याकडे बघत होते. तो झाडांच्या मागं गेला, मग तिथल्या एका पाण्याच्या टाकीच्या मागं, मग दिसेनासा झाला. मी मनात णमोकार म्हटला, नियम सोडला.

"अहो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले आणि लगेच हात वर केला, तळवा माझ्याकडे करून.

"राहू दे."

"अहो, ऐका तरी. सन्मती—"

"नको," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "तुझं मौन कशासाठी असतं ते मला आज कळलं. तू खोटं बोलणार नाहीस. आणि खरं आत्ता मला पेलणार नाही. उद्या उठलो तर सांग."

"तसं नाही हो ते—"

"तेही नको सांगूस."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तरी बोललेच असते. पण घंटा झाली, आणि वॉर्डबॉय येऊन बायकांना बाहेर काढायला लागला. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नव्हते. मी म्हटलं, एक मिनिट, एकच गोष्ट सांगायची आहे. तो म्हणाला, मावशी, सकाळी सांगा, पेशंटला झोपू दे. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. झोप लागलेली नव्हती, पापण्या हलत होत्या.

सकाळी दार उघडलं तेव्हा खाट रिकामी होती. त्यांना आधीच नेलं होतं. गाठ फार पसरलेली निघाली. ते शुद्धीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

*

सगळं आटपल्यावर भरतेश आणि बाकीची मंडळी पुढं निघाली. मी दस्तगीरच्या शेजारी बसले. गाडी किल्ली फिरवताच चालू झाली. पुलावर आल्यावर तो म्हणाला, काकू, येताना आण्णा तुम्हाला काय विचारत होते, मला नीट ऐकू आलं नाही. मी सांगितलं.

"मग काय म्हणायचा सन्मती?"

"हसायचा," मी म्हटलं. "हे दाराबाहेर गेले की माझा हात धरून म्हणायचा, आई, बघितलंस, आण्णांनी आज पण वजन वाढवून सांगितलं. माझ्यासाठी आण्णा काटा खोटा करतात गं. आणि ह्यांची यायची वेळ झाली की मला उशा लावायला सांगायचा, ताठ बसून राहायचा, त्यांना खरं वाटावं म्हणून. ते जास्त वेळ थांबले असते तर त्याला तेवढं बसवलं नसतं."

दस्तगीरनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. थांबवली, पण बंद केली नाही. बाहीनं तोंड पुसलं.

"एवढंच होतं," तो म्हणाला. "मग सांगितलं का न्हाई ओ, काकू?"

"दिवस मावळायचा होता," मी म्हटलं.